दादाचं स्टीअरिंग

१२ जानेवारी

ती. वहिनीस,
सा. न.

फोन करत नाही म्हणून रागावू नका. मागच्या खेपेला तुम्ही म्हणालात, "तुझा आवाज अगदी त्याच्यासारखा आहे रे, फोनवर तर फरकच कळत नाही," आणि बोलणं अर्धवट सोडून फोन ठेवलात. तेव्हापासून मी फोन उचलतो आणि परत खाली ठेवतो. अक्षर तरी माझं दादासारखं नाही. त्याचं मुंग्यांच्या रांगेसारखं, माझं मुंग्या उधळल्यासारखं. तेव्हा पत्रच बरं.

मी आता दादाच्याच टेबलावर बसतो. मागून घेतलं नाही, तेवढं एकच रिकामं होतं. खणात खोकल्याच्या गोळ्या, रबरबँडांचा गुंता आणि तुमच्या दुकानातली चष्मा पुसायची फडकी निघाली. फडकी मी वापरतो. गोळ्या तशाच ठेवल्यात.

माझी राहायची खोली धुलाईच्या दुकानावर आहे. दिवसभर खालून वाफ येते, त्यामुळे गरम राहते. बाहेर मात्र वारा असा की गाड्यांच्या चाचणीच्या रस्त्यावर टोपी घालून उभं राहायची सोय नाही.

मुद्द्यावर येतो. दादाने ज्या गाडीवर सगळे प्रयोग केले ती करड्या रंगाची गाडी अजून इथेच आहे. सगळ्यांत जुनी म्हणून तिला सगळे म्हातारी म्हणतात. तिचं स्टीअरिंग किती जड, किती हलकं लागावं याचे जे आकडे दादाने बसवलेत ते मला तपासायला सांगितलंय. वहिनी, ते नीट नाहीत. स्टीअरिंग दोन्ही बाजूंना सारखं चालत नाही. फरक थोडाच आहे, पण जो ड्रायव्हर बसतो तो तक्रार करत उतरतो. दादासारखा माणूस, ज्याला भिंतीवरचं चित्र केसभर तिरकं असलं तरी जेवण जात नसे, त्याच्या हातून हे कसं सुटलं? कुठे काही लिहूनही ठेवलेलं नाही.

म्हणून विचारतो, आणि विचारताना बरं वाटत नाही. शेवटच्या काही महिन्यांत दादाच्या हाताला कंप वगैरे होता का? डोळ्यांचं काही? त्याने तुमच्यापासून लपवलं नसेल असं धरून विचारतोय.

तुमचा,
खटपट्या


२७ जानेवारी

प्रिय खटपट्या,

तुझं पत्र मी आधी उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं.

तुझ्या दादाचे डोळे मीच तपासत होते, हे तू विसरलास वाटतं. दरवर्षी, दुकान बंद करताना, शेवटचं गिऱ्हाईक म्हणून. तक्त्यावरची सगळ्यांत खालची ओळ तो घडाघडा वाचायचा आणि वर मलाच विचारायचा, "याच्याखालची ओळ कुठे छापलीय?" हाताला कंप नव्हता. असता तर सुईत दोरा ओवायला मी त्यालाच दिला नसता. त्याचं हृदय एका दुपारी जेवता जेवता थांबलं. त्याआधी त्याने मीठ मागितलं होतं. एवढाच त्याचा आजार.

तुमच्या त्या मोठ्या कचेरीत कुणाला एखादी चूक खपवायची असेल आणि गेलेल्या माणसाचं डोकं सोयीचं वाटत असेल, तर खुशाल खपवा. मला मात्र साक्षीला बोलावू नका. आणि तूही त्यात उभा राहू नकोस. तू त्याचा भाऊ आहेस, तपासनीस नंतर.

इथे सगळं ठीक. दुकान चालू आहे. चाळिशी लागलेली माणसं वर्तमानपत्र हातभर लांब धरून येतात आणि छपाईला दोष देतात. डावं मनगट थंडीत कुरकुरतं, पण ते जुनंच. गाडीही व्यवस्थित आहे.

जेवतोस ना वेळेवर? की उभ्या उभ्या पाव खाऊन दिवस काढतोस?

वहिनी


९ फेब्रुवारी

ती. वहिनीस,
सा. न.

रागावलात ते बरोबरच. मी विचारलं ते वाईट रीतीने विचारलं. पण चूक खपवण्यासाठी नव्हे. मला ती चूक नसावी असं वाटत होतं, आणि कुणीतरी तसं ठणकावून सांगावं म्हणून तुमच्याकडे आलो.

दादा घरी कामाचं किती बोलायचा मला माहीत नाही, म्हणून थोडं सांगतो. साध्या गाडीत स्टीअरिंगपासून चाकांपर्यंत लोखंडी दांडा जातो. दादाच्या गाडीत दांडाच नाही. तुम्ही स्टीअरिंग किती फिरवलंत ते एक सेन्सर बघतो, तारेतून निरोप जातो आणि खाली मोटर चाकं वळवते. तुमचा हात आणि रस्ता यांचा संबंधच तुटला. अशी गाडी पहिल्यांदा चालवली तेव्हा दादा म्हणाला होता, "हे तर पाण्यात हात फिरवल्यासारखं आहे." मग त्याने स्टीअरिंगच्या मागे दुसरी छोटी मोटर बसवली. ती हाताला उलटा जोर देते. वळणावर किती जड लागावं, सोडलं की किती चटकन सरळ व्हावं, खडीवर किती थरथरावं, हे सगळं त्याने एकेक करून ठरवलं. म्हणजे म्हातारीत बसून जे हाताला लागतं ते रस्त्याचं नसतं, वहिनी. ते दादाने हाताला सांगितलेलं असतं.

डोळ्यांचा सेन्सर तर तुमच्याच दुकानातून आला. तुमच्या त्या यंत्रावर हनुवटी टेकवून बसलेलं असताना त्याला सुचलं, की डोळा जवळ बघतोय की लांब हे यंत्राला कळत असेल तर गाडीलाही कळू शकेल. डॅशबोर्डवर एक छोटी डबी आहे. ती न दिसणारा उजेड डोळ्यांवर टाकते आणि बघते, नजर रस्त्यावर जुळलीय की मांडीवरच्या फोनवर. रस्त्यावर असेल तर स्टीअरिंग मोकळं. नजर सुटली की स्टीअरिंग जड होतं, गाडी स्वतः रस्त्यावरचे पांढरे पट्टे धरून चालते आणि हळू होते.

आता जे मागच्या पत्रात लिहायचं टाळलं ते लिहितो. आमच्या विभागप्रमुख बाईंनी सांगितलंय की आकडे दोन्हीकडे सारखे करा आणि जुने पुसून टाका. नवीन गाड्या त्याच आकड्यांवर निघतील. मार्चअखेर म्हातारीचे भाग सुटे करून तिला भंगारात काढतील.

मी रोज काही ना काही निमित्त काढून तिच्यात बसतो. एक फेरी मारतो. वळणावर ते स्टीअरिंग हळूच हाताला रेटतं ना, तेव्हा मला लहानपणीची सायकल आठवते. दादा मागून सीट धरून धावायचा आणि धरलंय की सोडलंय हे कळू द्यायचा नाही.

तुम्ही याल का? बाईंना विचारलं, त्या हो म्हणाल्या. शेजारी आमचा उंच ड्रायव्हर बसेल, काळजी नाही. एकदाच चालवून बघा.

खटपट्या


२० फेब्रुवारी

प्रिय खटपट्या,

नाही रे. मला जमणार नाही.

गाडी व्यवस्थित आहे असं लिहिलं होतं. व्यवस्थित म्हणजे झाकून ठेवलेली आहे. तो गेल्यापासून मी ती काढलेलीच नाही. दुकानात चालत जाते. लोकांना सांगते, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. समोरची बाई तर म्हणाली, "बारीक झालात हो चालून." होते बारीक, पण चालून नव्हे.

कधीतरी आच्छादन बाजूला करून मी आत जाऊन बसते, शेजारच्या जागेवर, माझ्या नेहमीच्या. त्याची सीट मागे ढकललेली आहे, त्याच्या लांब पायांसाठी. ती तशीच आहे. तिच्याकडे बघितलं की वाटतं, पेट्रोल भरून पैसे द्यायला उतरलाय, येईल. पाच मिनिटं बसते आणि घरात येते. तुला हसू येईल.

तू रोज फेरी मारतोस हे वाचून मला तुझा हेवा वाटला. खरं सांगते, हेवाच वाटला, आणि मग स्वतःची लाज वाटली. पण तिथे येऊन, परक्या माणसाच्या शेजारी बसून, तुमच्या त्या डबीने माझ्या डोळ्यांत बघायचं, हे नको. त्याचे आकडे पुसायचे तर पूस. मला कळवू नकोस.

तुझ्या पत्रात जेवणाविषयी काहीच उत्तर नव्हतं.

वहिनी


४ मार्च

प्रिय खटपट्या,

तुझं उत्तर यायच्या आत पुन्हा लिहितेय. मागचं पत्र रद्द समज.

काल आमच्या गल्लीत पाण्याची पाइपलाइन टाकायला माणसं आली. दाराशी येऊन म्हणाले, "बाई, गाडी हलवा, इथेच खणायचंय." मी म्हटलं, चालवणारं कुणी नाही. ते म्हणाले, मग ढकलतो. सहा जणांनी आच्छादन ओढून काढलं आणि गाडीला हात लावायला लागले. मला ते बघवेना. किल्ली आणली, दार उघडून बसले. पाय पोचेनात. एक जण खिडकीशी येऊन सांगतोय, "सीट पुढे घ्या ना, खाली दांडी आहे बघा." जणू मला ठाऊकच नाही. मी दांडी ओढली आणि सीट पुढे घेतली.

गाडी हलली. कोपऱ्यावर नेऊन लावली. खाली उतरल्यावर लक्षात आलं की ती किती मागे होती ते मला आता कधीच कळणार नाही. खूण करून ठेवली नव्हती. संध्याकाळी पुन्हा मागे ढकलून बघितली, पण ते माझं मागे ढकलणं झालं.

त्याचं असं हाताला लागेल ते आता तुझ्याकडेच उरलंय. मी येते. रविवार सोडून कुठलाही दिवस सांग, दुकान बंद ठेवीन. तुझ्यासाठी एक स्वेटर आणते. रंगाबद्दल कुरकुर करायची नाही.

वहिनी


२४ मार्च

ती. वहिनीस,
सा. न.

पोचलात का, खांदा कसा आहे, सीटच्या पट्ट्याने ओढ बसली होती तिथे सूज आली का, हे आधी कळवा. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

तुम्ही कुणाशी न बोलता बस गाठलीत. मी मागून धावत आलो होतो, तुम्ही खिडकीकडे तोंड करून बसलेल्या दिसलात. काच वाजवायचा धीर झाला नाही. इतक्या दिवसांनी भेटलो आणि आपलं बोलणं काय झालं, तर स्वेटरच्या बाह्या लांब आहेत एवढंच.

मला जे दिसलं ते सांगतो. मी रस्त्याकडेच्या केबिनमध्ये पडद्यासमोर होतो. पडद्यावर ड्रायव्हरचे डोळे दोन हिरव्या ठिपक्यांसारखे दिसतात. पहिली फेरी तुम्ही जपून मारलीत. दुसऱ्या फेरीत वेग बरा होता. उंच ड्रायव्हर नंतर म्हणाला, "तुमच्या वहिनींना शिकवायची गरजच नव्हती, त्या गाडीला ओळखत होत्या." मग लांबचं डावं वळण आलं. निम्म्या वळणात दोन्ही ठिपके गेले. एकदम. स्टीअरिंग जड झालं. त्या वळणावरचे पांढरे पट्टे घासून पुसट झालेत, म्हणून गाडीलाही काही धरता आलं नाही. ती वळायची थांबली आणि सरळ गवतात गेली. ड्रायव्हरने गाडी थांबवायचं लाल बटण दाबलं नसतं तर पुढे चर होता.

मला अहवाल लिहायचा आहे. बाई वाट बघतायत. मी लिहिणार आहे की तिरपं ऊन डोळ्यांवर आल्यामुळे सेन्सर चुकला. असं होऊ शकतं, कुणी शंका घेणार नाही.

पण मला स्वतःला कळायला हवं. ठिपके असे एकदम जातात ते डोळे मिटल्यावर. गेले चार दिवस मला दुसरं काही सुचत नाही. वहिनी, तुम्ही डोळे मिटले होते का? मुद्दाम? मी रागावणार नाही. कुणाला सांगणार नाही. फक्त खरं सांगा, म्हणजे मी सगळं टाकून तिकडे येतो.

खटपट्या


२८ मार्च

प्रिय खटपट्या,

वेडा आहेस का? मी डोळे मिटले नव्हते. उलट इतके उघडे गेल्या वर्षभरात नव्हते. घाबरून घेऊ नकोस, आणि सगळं टाकून वगैरे येऊ नकोस. खांदा बरा आहे, निळा होऊन आता पिवळा झालाय.

बसमध्ये मी तुला बघितलं होतं. काच वाजवली असतीस तर मी तिथेच मोडले असते, आणि अख्खी बस बघत होती. म्हणून तोंड फिरवलं.

आता ऐक काय झालं ते.

माझं डावं मनगट दुकानाच्या शिडीवरून पडून मोडलं होतं. तू तेव्हा दूर शिकायला होतास, तुला "थोडं लागलंय" एवढंच कळवलं होतं. ते जोडलं, पण पूर्ण फिरत नाही. आमची गाडी डावीकडे वळवताना मला जोर पुरत नसे, दुखायचं. हळूहळू मी चालवणंच सोडलं. तुझा दादा म्हणायचा, "मी आहे ना." मीही म्हणायचे, तू आहेस ना.

तुझ्या म्हातारीत बसले तेव्हा उजव्या वळणांना काही वाटलं नाही. चांगलं, भारदस्त स्टीअरिंग. डावं वळण आलं आणि मी सवयीने दात आवळले. आणि खटपट्या, दुखलं नाही. हात नुसता खाली आला, कुणीतरी खालून ओंजळीत धरल्यासारखा. मला वाटलं चुकून झालं. पुढचं डावं वळण आलं, पुन्हा तसंच. तुम्ही सगळे जिला चूक म्हणत होतात ती माझ्या मनगटाएवढी होती. तू एकदा तरी लिहायचंस की हलकं कुठल्या बाजूला लागतं. मी तिथल्या तिथे सांगितलं असतं. बरं झालं नाही लिहिलंस.

मग मला आठवलं. तो जायच्या आधीच्या हिवाळ्यात, जेवण झालं की तो मोठ्या पातेल्याचं झाकण माझ्या हातात द्यायचा. म्हणायचा, "फिरव बघू. डावीकडे. आता परत. कुठे दुखलं?" मी म्हणायचे, भांडी पडलीयत, चेष्टा पुरे. तो मनगटावर दोन बोटं ठेवून बसायचा, डॉक्टर नाडी बघतात तसा. मला वाटायचं याला लाड करायचेत आणि सरळ करता येत नाहीत. मी झाकण काढून घ्यायचे.

मला काहीच सांगितलं नव्हतं रे त्याने. एके दिवशी तिथे नेऊन बसवणार असेल. बसवून गंमत बघणार असेल.

दुसऱ्या फेरीत, लांबच्या वळणावर, हे सगळं एकदम आलं आणि माझे डोळे भरले. वाहिले नाहीत, भरले. मी रस्ता बघत होते. पाण्यातून बघत होते, पण बघत होते. मला वळायचं होतं आणि मी वळत होते. तुमच्या डबीला माझे डोळे दिसेनासे झाले तर तिने असं धरलं की मी नाहीच. स्टीअरिंग दगडासारखं झालं. वाईट कशाचं वाटलं सांगू? गवतात गेले त्याचं नाही. एक क्षणभर वाटलं, त्यानेच हात काढून घेतला.

तेव्हा ऊन नव्हतं. ढग होते, तू स्वतः मला छत्री घ्या म्हणत होतास. खोटं लिहू नकोस. लिही की चालवणाऱ्या बाईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि यंत्राला नजर सापडेना. माझी लाज झाकायची म्हणून खरं लिहीत नसशील तर तसं करू नकोस. मी दुकानात रोज बघते, माणसं चष्मा करायला येतात आणि अक्षरं वाचता वाचता रडतात. कुणाचं दुकान बुडालेलं असतं, कुणाची मुलगी बोलत नसते. अंधारी खोली आणि कुणीतरी विचारतंय "दिसतं का", एवढं पुरतं. तीच माणसं बाहेर जाऊन गाड्या चालवतात. दवाखान्यातून चालवत घरी येतात. तुमच्या नव्या गाड्या अशा प्रत्येकाला ऐन वळणावर सोडून देणार असतील, तर तुझ्या दादाचं नाव त्यांच्यावर नको.

लिही, आणि काय झालं ते कळव.

वहिनी


१७ जून

ती. वहिनीस,
सा. न.

उशीर झाला. होऊ दिला, कारण काहीतरी धड सांगण्यासारखं झाल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

अहवाल जसा तुम्ही सांगितलात तसा लिहिला. बाईंनी माझ्यासमोर वाचला. मग म्हणाल्या, "आपल्या चाचणीच्या यादीत झोप आहे, दारू आहे, फोन आहे, काळा चष्मा आहे. हे नाही." मी म्हटलं, नाही. त्या म्हणाल्या, "एवढी माणसं इथे कामाला आणि कुणाच्या मनात आलं नाही." वरच्या लोकांशी त्यांचं मोठं वाजलं. गाड्या शरद ऋतूत निघायच्या होत्या, त्या पुढच्या वर्षावर गेल्या. काही जण मला बघून वाट बदलतात. बदलू देत.

महिनाभर आम्ही सगळे डोळ्यांत औषधाचे थेंब घालून गाड्या चालवत होतो. चाचणी केंद्रात कुणी पाहुणा आला असता तर त्याला वाटलं असतं इथे रोज कुणीतरी जातंय. उंच ड्रायव्हर पहिल्या दिवशी थेंब घालायला तयारच होईना. म्हणाला, "मला नको, माझं आपोआप होईल." मग सांगितलं त्याने, की त्याची मुलगी घर सोडून गेली त्या दिवशी तो घरापर्यंत असाच गाडी चालवत आला होता, रस्ता नीटसा दिसत नव्हता, पण साधी गाडी होती, तिने काही विचारलं नाही. इतके महिने तो माझ्याबरोबर जेवतो. मला माहीत नव्हतं.

आता असं केलंय की डोळे दिसेनासे झाले तर स्टीअरिंग जड करायचं नाही. ते माणसाच्याच हातात ठेवायचं आणि गाडी फक्त हळू करायची. नजर भलतीकडे असणं वेगळं आणि नजर न सापडणं वेगळं, हे त्या डबीला शिकवायला फार वेळ गेला. ओला डोळा आणि मिटलेला डोळा यांतला फरक तिला अजूनही दर वेळी कळतोच असं नाही. पण कळत नसलं तर ती आता हात सोडत नाही.

आता दुसरी गोष्ट. आकडे. मी बाईंना तुमच्या मनगटाचं सांगितलं. म्हटलं, प्रत्येकाला आपल्या हाताप्रमाणे एक बाजू हलकी करता येईल अशी सोय ठेवूया. त्या म्हणाल्या, कल्पना चांगली आहे, पण या गाडीत नाही, पुढे बघू. मी भांडलो. उपयोग झाला नाही. एका वेळी एकच गोष्ट पुढे रेटता येते, असं त्या म्हणाल्या, आणि ते खोटं नाही.

तेव्हा दोन्ही बाजू सारख्या केल्या. दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही, मीच केल्या. त्याआधी शेवटची फेरी मारली. तुम्ही सांगितल्यावर मी ते वळण वेगळ्याच हाताने घेतलं, वहिनी. तोवर मला वाटत होतं दादा त्या गाडीत माझ्यासाठी आहे. तो तुमच्यासाठी होता. थोडं वाईट वाटलं, मग बरं वाटलं. म्हातारी मेच्या सुरुवातीला सुटी झाली. मी बघायला गेलो नाही.

जेवतो वेळेवर. स्वेटरच्या बाह्या दुमडून घालतो.

खटपट्या


११ फेब्रुवारी

प्रिय खटपट्या,

तुझं बरं चाललंय हे वाचून बरं वाटलं. माझंही चाललंय. मी आता दुकानात गाडीने जाते. आमचीच जुनी, दांड्याची. डावीकडे वळताना उजव्या हाताने ओढते आणि तोंडाने काहीबाही पुटपुटते. समोरची बाई म्हणते, "पुन्हा अंगाने भरलात." या बाईला दुसरा उद्योग नाही.

लिहायचं कारण वेगळंच. आमच्या गावातल्या गाड्यांच्या मोठ्या दुकानात तुमची नवी गाडी आली आहे. काचेमागे उभी होती, पांढरी. मी रोज बाजूने जात होते. परवा गाडी थांबवून आत गेले. विकायला उभी असलेली मुलगी चुणचुणीत होती. मी कोण, कुणाची, काही सांगितलं नाही. म्हटलं, चालवून बघायचीय.

ती शेजारी बसली आणि पाठ केल्यासारखं सांगत सुटली. दांडा नाही, सगळं तारेवर. ही डबी तुमची नजर बघते. मग म्हणाली, "आणि डोळ्यांत पाणी आलं ना, तरी ही गाडी हात सोडत नाही, नुसती हळू होते. आता गाडी चालवताना कोण रडतंय, पण आमच्या लोकांनी तेही करून ठेवलंय."

मी म्हटलं, "असतील कुणी."

चांगली गाडी आहे रे. तुझं काम मला कळलं. खडीवर ते स्टीअरिंग थरथरतं, वळणानंतर हळूच सरळ होतं. तुम्ही लोकांनी मन लावून केलंय. मी गावाबाहेरच्या रस्त्याला घेतली, जिथे वळणं आहेत. डावं वळण आलं. मी दात आवळले नाहीत, मुद्दाम. दुखलं. जेवढं कुणालाही जड लागेल तेवढंच जड होतं, माझ्यासाठी वेगळं काही नव्हतं. पुढच्या वळणाला जरा सैल धरून बघितलं, त्याच्या पुढच्या वळणाला जरा हळू. तो त्यात कुठेच नव्हता. मी नीट शोधलं.

दुकानाशी परत आलो. मुलगी उतरायच्या बेतात होती. म्हणाली, "कशी वाटली?"

मी म्हटलं, "आणखी एक फेरी मारली तर चालेल का?"

वहिनी